बिनटाक्याची गोष्ट

आजचा विषय थोडा वेगळा आहे. काही जणांना तो ब्लॉगवर लिहिण्यासारखा वाटणार नाही, हे ठाऊक असूनही लिहिते आहे. निमित्त झालं भाचीच्या मुलीच्या फोनचं. ती पुण्याला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोलता बोलता म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी बायका ऑपरेशनला एवढ्या घाबरायच्या का गं? पंधरा मिनिटांचं तर काम असतं."

आता तिने नुसतं "ऑपरेशन" म्हटलं तरी मला बरोबर कळलं. आमच्याकडे हा शब्द असाच वापरतात. बाकीच्या शस्त्रक्रियांना नावं असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन, अपेंडिक्सचं ऑपरेशन. पण विहिरीवर एक बाई दुसरीला "तिचं ऑपरेशन झालंय" म्हणाली, तर ते एकच. त्याला विशेषण लागत नाही. कोकणातल्या दोन पिढ्यांच्या बायकांनी हा शब्द असा वापरून गुळगुळीत केला आहे. पोरीला फोनवर थोडंफार सांगितलं, पण फोन ठेवल्यावर वाटलं की ही गोष्ट नीट मांडायला हवी. पोट न फाडता बाईला कायमची मोकळीक कशी देता येईल, हा प्रश्न डॉक्टर लोक गेली शंभरेक वर्षं सोडवत आहेत. त्यात आपल्या महाराष्ट्राचा आणि थोडा आपल्या रत्नागिरीचाही भाग आहे.

रत्नागिरीचा भाग म्हणजे अर्थातच र. धों. कर्वे. महर्षी अण्णांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. वडिलांना भारतरत्न मिळालं, मुलाला कोर्टाचे दंड. रघुनाथराव मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना काढला, यावरून आपला हा मुरूडचा माणूस किती पुढे होता ते बघा. पुढे विल्सन कॉलेजने नोकरी किंवा हे काम यांतलं एक निवडा असं सांगितलं, आणि त्यांनी काम निवडलं. ते साल १९२५. १९२७च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. आंबेडकरांना या प्रश्नाची कळकळ होती. १९३८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात त्यांच्या पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला होता. रोहम यांनी तो मांडला, आणि सभागृहाने तो फेटाळला.

कर्व्यांबद्दल लोक बरंच बोलतात, त्यांच्यावर अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा सिनेमाही आहे. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यांनी आणि मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तेव्हा शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःवर करून घेतली, मालतीबाईंवर नाही. यात मोठा त्याग वगैरे शोधू नका, गणिताच्या माणसाचा तो साधा हिशेब होता. पुरुषाची शुक्रवाहिनी कातडीच्या लगेच खाली असते, बोटाला लागते. बाईच्या नळ्या पोटाच्या आत, गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना. तिथे जायचं तर पोट उघडायला हवं. आणि त्या काळी पोट उघडणं म्हणजे काय होतं? पेनिसिलिन नव्हतं, भूल क्लोरोफॉर्म-ईथरची. बाई परत घरी येईलच याची हमी कोणी देत नसे.

बाईच्या नळ्या बांधण्याची पहिली नोंद १८८०ची, अमेरिकेतल्या ओहायोची. लंग्रेन नावाच्या डॉक्टरने एका बाईचं बाळ पोट कापून काढलं आणि पोट उघडंच आहे तर पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून नळ्या रेशमाने बांधून टाकल्या. पुढे ब्रुकलिनच्या पॉमेरॉय यांनी एक सोपी रीत बसवली. नळीचा मधला भाग उचलून त्याचा फास करायचा, तो विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधायचा आणि वरचा तुकडा कापायचा. दोरा विरघळला की दोन्ही टोकं आपोआप दूर होतात. ते १९२५ साली वारले आणि त्यांची रीत १९३०मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी छापली. इतकी साधी की आजही जगभर, आणि आपल्या सिव्हिलमध्येही, तीच वापरतात. शिवणटिपण करणारी कोणतीही बाई ती एकदा बघून समजेल!

पण रीत कितीही साधी असली तरी नळीपर्यंत पोचायला वाट मोठी होती. चार-पाच इंचांचा छेद, आठ दिवस खाटेवर, नंतर महिनाभर पाण्याची कळशी उचलायची नाही. आमच्याकडे ज्या बाईने कळशी उचलायची नाही तिच्या घरात पाणी कोण भरणार? माझ्या मते ऑपरेशनची भीती जी म्हणतात ती निम्मी या कळशीची होती. मरणाची भीती नंतर.

स्वातंत्र्यानंतर चक्रं जोरात फिरू लागली. १९४९ साली मुंबईत धनवंती रामा राव, अवाबाई वाडिया वगैरे बायकांनी कुटुंबनियोजन संघ स्थापला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारने या कामासाठी ६५ लाख रुपये ठेवले. १९५२ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, मार्गारेट सँगर बाई आल्या. एवढं सगळं होऊनही बाईला द्यायला फार काही नव्हतं. मग १९६५ साली लूप आलं, प्लॅस्टिकची दुमडलेली तार. बसवायला पाच मिनिटं, ना भूल ना टाका. पोट न फाडता सुटका करण्याचा सरकारचा तो पहिला मोठा प्रयत्न. कायमचा नव्हे, पण लोकांना तो कायमचाच वाटला. लाखो बायकांना लूप बसवलं. पण रक्तस्राव सुरू झाला तर काय करायचं, कुठे जायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. बसवणारी गाडी पुढच्या गावाला गेलेली असे. दोन-तीन वर्षांत लूपचं नाव असं खराब झालं की नंतर चांगली तांबी आली तरी म्हाताऱ्या बायका सुनांना "ते पोटात चढतं" असंच सांगत राहिल्या.

मुंबईत याच सुमारास डॉ. दत्ता पै महापालिकेचं काम बघत होते. हा माणूस डोकेबाज. गिरणीकामगार दवाखान्यात येत नाही, तर दवाखाना त्याच्या वाटेवर न्यायचा, म्हणून त्यांनी रेल्वे स्टेशनांवरच पुरुषांच्या नसबंदीची केंद्रं उघडली. व्ही.टी., चर्चगेट अशी. माणूस गाडीतून उतरला, ऑपरेशन करून घेतलं, पुढच्या गाडीने घरी. आमच्या कोकणचे चाकरमानी त्या गर्दीत होतेच. त्यांच्यातले काही तिथून गावाला आले ते कोणाला न सांगता. बायकोला तीन-चार वर्षांनी शंका यायची, मग कळायचं. एका बाईने मला हसत हसत सांगितलं होतं, "बाई, माझ्या घोवानं गुपचूप केलंन आणि मी इकडे देवीला नवस बोलतेय, बाई पुरे कर म्हणून. देवीलाच श्रेय गेलं!"

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशात बायकांपेक्षा पुरुषांची ऑपरेशनं जास्त होत होती, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. १९७१च्या जुलैत केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात ६० हजारांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. म्हणजे पुरुष तयार होत नाहीत हे आपण आज जे गृहीत धरतो ते काही निसर्गाने ठरवून दिलेलं नाही.

मग आणीबाणी आली. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. शिक्षकांना 'केसेस' आणायचं काम असे आणि त्याची यादी पगाराच्या दिवशी समोर येई. त्या दिवसांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी फक्त आकडे देते. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच १९७६ साली विधिमंडळात मंजूर केलं होतं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पुरोगामी महाराष्ट्र म्हणून आपण जी नावं घेतो त्या यादीत हे विधेयक कोणी घेत नाही.

१९७७ला सरकार पडलं. पुढच्या वर्षीचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास. ८२ लाखांवरून साडेनऊ लाख! आणि त्यातही दर पाचांत चार बायका. पुरुषांचा विषय राजकारण्यांनी जो सोडला तो सोडलाच. मतदार चिडतो, त्याची बायको चिडत नाही, किंवा चिडली तरी घरात चिडते, असा हिशेब कोणीतरी केला असणार. कागदावर कुठे लिहिलेला सापडायचा नाही, पण आकडे त्याशिवाय असे उलटत नाहीत.

आणि नेमक्या याच वेळी दुर्बीण हाताशी आली. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मला ती फार रंजक वाटते.

पोटात छोट्या भोकातून नळी घालून बघायचं तंत्र पॅरिसच्या राउल पामर यांनी चाळीसच्या दशकात स्त्रीरोगांसाठी वापरायला सुरुवात केली. इंग्लंडात पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. हे तेच स्टेप्टो, ज्यांनी पुढे १९७८ला पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं. एकाच दुर्बिणीने एकीला मूल दिलं आणि लाखोंची मुलं थांबवली, असा योग. पण सुरुवातीला नळ्या विजेच्या चटक्याने जाळत, आणि त्यात आतडं भाजायचा धोका असे. मग १९७०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला यून नावाच्या कोरियन डॉक्टरांनी एक रबरी कडी काढली. सिलिकॉनची, अगदी बारीक. दुर्बिणीतूनच नळीचा फास ओढून घ्यायचा आणि त्यावर ही कडी चढवायची. आपण पिशवीच्या तोंडाला रबर लावतो तसं. आतल्या भागाला रक्त मिळत नाही, तो वाळून जातो, नळी बंद. चटका नाही, कात्री नाही. बेंबीखाली एक सेंटीमीटरचा छेद, त्याला एक टाका किंवा तोही नाही. म्हणून आपल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं 'बिनटाक्याचं'. जुनं ते 'टाक्याचं'.

त्याच सुमाराला थायलंडमध्ये डॉक्टरांनी दुर्बिणीशिवायची लहान वाटही शोधली. ओटीपोटावर इंचभराचा छेद घ्यायचा, गर्भपिशवी खालून अवजाराने वर उचलायची म्हणजे नळ्या त्या छेदापाशी येतात. याला मिनीलॅप म्हणतात. महागडं यंत्र नको, विजेची फार गरज नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर शिकू शकतो, आणि बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करता येतं. दुर्बिणीचं मात्र ओल्या बाळंतिणीचं करत नाहीत. माझ्या अडाणी मते खेड्यांसाठी मिनीलॅपच बरी होती. पण दुर्बिणीला दिमाख होता. तिच्यात वेगही होता, आणि सरकारला वेग हवा होता.

वेग म्हणजे किती? मुंबईचे डॉ. प्रवीण मेहता नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९८९ साली इंग्लंडच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता, एकाच डॉक्टरच्या हातून झालेली २,५०,१३६ दुर्बिणीची ऑपरेशनं. आकडा मी चुकून जास्त लिहिलेला नाही, अडीच लाखच. ते गावोगावी शिबिरं घेत हिंडत. हात किती सफाईचा असेल! त्यांच्या कौशल्याबद्दल आदर वाटतो, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी हलतंही. अडीच लाख बायकांपैकी किती जणींचा चेहरा एका माणसाला आठवणार?

आमच्या तालुक्यात ऐंशीच्या दशकात शिबिर भरलं की शाळेला सुट्टी. हिवाळ्यात, भाताची कामं आटोपल्यावर. दोन वर्गखोल्या रिकाम्या करून सतरंज्या घालत. सकाळी जीपने बायका यायच्या, रात्रीपासून उपाशी, कडेला सासू किंवा आई, काखेत लहानगं. भूल फक्त जागेपुरती, बरोबर गुंगीचं एक इंजेक्शन. पोटात हवा भरायची म्हणजे आतडी बाजूला होऊन दिसायला जागा होते, आणि टेबल असं कलतं करायचं की डोकं खाली आणि पाय वर. बायका सगळ्यात जास्त कशाला भ्यायच्या, तर या उलटं करण्याला. छेद वगैरे राहू दे. "बाई, माका उलटी टांगतले?" असं मालवणकडून लग्न होऊन आलेल्या एकीने मला विचारलं होतं. ऑपरेशननंतर दोन तासांनी बायका पदर पोटाशी धरून वाकत वाकत जीपकडे जायच्या. भरलेल्या हवेने खांदा दुखतो, पोट नव्हे, हे त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसायचं. खांद्याला हात लावून त्या एकमेकींना विचारायच्या, "तुझा पण इथेच दुखतो?"

खरी अडचण मात्र वेगळीच. रत्नागिरी म्हणजे मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा, नवरा मुंबईला. २००१च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, यावरून समजा. ऑपरेशनला बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, असं सरकारी नियमपुस्तक सांगतं. पण तालुक्यात नवऱ्याची सही मागत, निदान घरचे तरी मागत. लिहिता न येणाऱ्या बायका माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला येत. अशी पुष्कळ पत्रं मी लिहिली आहेत. "साष्टांग नमस्कार वि. वि. येथील सर्व क्षेम आहे. चौथ्याच्या वेळी मला फार त्रास झाला. नर्सबाई म्हणतात की आता ऑपरेशन करावे. आपली संमती कळवावी." उत्तर पंधरा दिवसांनी यायचं आणि मीच ते वाचून दाखवायची. "गणपतीत येईन तेव्हा बघू." एकीच्या बाबतीत गणपतीत तो आला, बघितलं नाही, आणि शिमग्याला तिला सहावा महिना होता. पाचवं बाळंतपण तिला झेपलं नाही. पऱ्यापलीकडच्या वाडीतली होती ती, वय तिसाच्या आत. ऑपरेशन पंधरा मिनिटांचं खरं, पण त्या पंधरा मिनिटांपर्यंत पोचायला बाईला किती दिवस लागतात ते घड्याळात दिसत नाही. भाचीच्या मुलीला मी हेच सांगितलं.

असो. आता या गोष्टीचा तो भाग, जिथे "शस्त्रक्रियाच नको" असं म्हणणारे आले.

क्विनाक्रिन हे मलेरियाचं जुनं औषध, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना देत. चिलीमधल्या झिपर नावाच्या डॉक्टरांनी शोधलं की याच्या गोळ्या तांबी बसवायच्या नळीतून गर्भपिशवीत ठेवल्या, तर नळ्यांच्या तोंडाशी दाह होऊन व्रण धरतो आणि त्या बुजतात. महिन्याच्या अंतराने दोनदा ठेवायच्या. ना भूल, ना छेद, ना डॉक्टर, आणि खर्च अगदी किरकोळ. व्हिएतनाममध्ये ३१ हजारांवर बायकांवर वापरून १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये लेखही आला. अमेरिकेतल्या दोघा उत्साही गृहस्थांनी या गोळ्या गरीब देशांत पोचवण्याचा विडाच उचलला. भारतातही खासगी डॉक्टरांनी त्या वापरल्या. पण हे औषध गर्भपिशवीत ठेवल्यावर पुढे काय करतं, कर्करोग होतो का, गर्भ राहिलाच तर त्या बाळाचं काय, याच्या चाचण्या पुऱ्या झालेल्याच नव्हत्या. आधी बायकांना द्यायचं आणि मग उंदरांना, असा उलटा क्रम. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ सालीच सांगितलं होतं की चाचण्यांशिवाय वापरू नका. दिल्लीत महिला संघटना आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९८ साली सरकारने या कामासाठी क्विनाक्रिनवर बंदी घातली. ही बातमी मी तेव्हा वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात वाचली होती. आपल्या बायका त्यातून वाचल्या हे त्या बायकांना कधी कळणारही नाही.

गरिबांसाठी जसा क्विनाक्रिन, तसा श्रीमंत देशांसाठी एश्युअर. नावातच खात्री! अमेरिकेत २००२च्या नोव्हेंबरात त्याला परवानगी मिळाली. निकेल-टायटॅनियमची बारीक स्प्रिंग खालच्या वाटेने दुर्बीण घालून दोन्ही नळ्यांत बसवायची, तिच्याभोवती मांस वाढून तीन महिन्यांत नळी बंद. पोटाला कुठे छेद नाही, बाई जेवणाच्या सुट्टीत जाऊन येऊ शकते अशी जाहिरात. मग तक्रारी येऊ लागल्या. सतत ओटीपोट दुखणं, स्प्रिंग सरकणं, नळीला भोक पडणं. आणि ती काढायची झाली तर मोठं ऑपरेशन, काहींची तर गर्भपिशवीच काढावी लागली. बायकांनी इंटरनेटवर एकमेकींना शोधलं, हजारोंनी एकत्र आल्या. बायर कंपनीने २०१८च्या अखेरीस अमेरिकेतली विक्री थांबवली आणि २०२०मध्ये सुमारे ३९ हजार जणींच्या दाव्यांपोटी १६० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही स्प्रिंग कधी आलीच नाही. महाग होती म्हणून आपण वाचलो, दुसरं काही नाही.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एक गोळी फुकटात, एक स्प्रिंग हजारो रुपयांची. दोन्हींची जाहिरात एकच, चाकू नाही. पण चाकू नाही म्हणजे धोका नाही असं कुठे ठरलंय?

आणि चाकू लहान झाला म्हणून निष्काळजीपणा कमी होतो, असंही नाही. २०१४च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं उरकली. डॉक्टर एक. सरकारचाच नियम दिवसाला तीसचा होता. त्या आणि लगतच्या शिबिरांत मिळून १३ बायका गेल्या. त्याच महिन्यात ओडिशात एका शिबिरात पोटात हवा भरायला सायकलचा पंप वापरल्याची बातमी आली. सायकलचा पंप! वाचून मी पेपर खाली ठेवला. पुढे देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये निकाल दिला की शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करा. तसं कागदावर लक्ष्य ठरवून केसेस गोळा करणं १९९६च्या एप्रिलमध्येच बंद झालं होतं. कागदावर.

दुर्बिणीची कडी शंभर टक्के असते असंही समजू नका. अमेरिकेत दहा हजारांवर बायकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९६ला छापून आले. नळ्या बंद केलेल्या हजार बायकांपैकी दहा वर्षांत अठरा-एकोणीस जणींना दिवस गेले होते. कडीवाल्यांचं प्रमाण जवळपास तितकंच, बाळंतपणानंतर लगेच पॉमेरॉयच्या रीतीने केलेल्यांचं त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या दोऱ्याने नव्या रबराला हरवलं म्हणायचं! आमच्याकडे मात्र ऑपरेशननंतर दिवस गेले की डॉक्टरकडे बोट जात नसे, बाईकडे जाई. नवरा मुंबईत असला तर विचारूच नका. एका बाईला त्यावरून माहेरी येऊन राहावं लागलेलं मी पाहिलं आहे. ऑपरेशनच्या वेळी तिला कोणी एक वाक्य सांगितलं असतं, की हजारात काही जणींचं फसतं, तर त्या घरात तेच वाक्य तिच्या बाजूने उभं राहिलं असतं.

आज चित्र काय आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं अर्धा टक्काही नाही. आणि पुरुषांचं तर १९७४पासून आणखी सोपं झालं आहे. चीनच्या ली शुनचियांग यांनी चाकूशिवायची रीत काढली, कातडीला फक्त टोचून वाट करायची. नव्वदच्या दशकापासून ती आपल्याकडे होते. खरं बिनटाक्याचं ते. बाईला बिनटाक्याचं करता करता माणसाने दुर्बीण, कडी, स्प्रिंग, गोळी एवढं सगळं शोधलं, आणि सगळ्यात सोपी वाट शेजारच्या खाटेवर झोपलेली होती.

गंमत म्हणजे ज्या जिल्ह्यात आम्ही केसेस मोजत होतो त्या जिल्ह्याची लोकसंख्या आता घटते आहे. २००१ साली रत्नागिरीत १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ला १६ लाख १५ हजार. शेजारच्या सिंधुदुर्गाचंही तेच. ऑपरेशनांनी घटली असं नाही, माणसं मुंबई-पुण्याला गेली. वाड्यांत कुलपं आहेत. काही शाळांना मुलं मिळत नाहीत म्हणून त्या बंद पडत आहेत, त्यातल्या एकीत मी शिबिराच्या सतरंज्या घातल्या आहेत.

माझ्या ओळखीतल्या तरुण मुली आता ऑपरेशनची घाई करत नाहीत, हे मला बरं वाटतं. दहा वर्षं चालणारी तांबी आरोग्य केंद्रात फुकट बसवतात, ती कायमच्याइतकीच खात्रीची आहे आणि नको झाली की काढता येते. तीन महिन्यांचं इंजेक्शन २०१७पासून सरकारी दवाखान्यात आहे. पंचविशीत ऑपरेशन करून बसायचं आणि एखादं मूल दगावलं तर नळ्या जोडता येतील का म्हणून मुंबईचे डॉक्टर गाठायचे, ही वेळ त्यांच्यावर येऊ नये. भाचीच्या मुलीला फोनवर एवढंच विचारायचं राहिलं की तुमच्या कॉलेजात पेशंटच्या नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात, की आत बोलावून त्याचंही करता येतं हे सांगतात? पुढच्या फोनला विचारीन.